तिरकी सुशी

अर्धांगाच्या झटक्यानंतर योशिनो, माझी बायको, पहिल्यांदाच गल्लीतल्या सुशीच्या दुकानात आली. सुशी करणाऱ्या कुराताच्या समोरची आमची ठरलेली जागा. उजवा हात मांडीवर लपवून तिनं चहाचा पेला डाव्या हातानं उचलला. कुरातानं ते पाहिलं. गिऱ्हाइकाच्या उजव्या हाताला सोयीची पडेल अशी तो सुशी तिरकी ठेवतो. आज तिची त्यानं गुपचूप उलट्या बाजूला कलती ठेवली. मला भरून आलं. योशिनो भडकली. “मी कधीपासून डावखुरी झाले रे?” “वहिनी, सध्यापुरतं...” “खड्ड्यात गेलं तुझं सध्यापुरतं!” तिनं ताटली फटकन फिरवली, थरथरता उजवा हात वर काढला. सुशी निसटून सोयासॉसमध्ये पडली. आम्ही दोघांनी नजर वळवली. दुसऱ्या खेपेला ती तोंडात गेली. गाल फुगवून योशिनो म्हणाली, “कुराता, भातात व्हिनेगर कमी पडलंय.” पुढची सुशी त्यानं नेहमीसारखी ठेवली.