ग्रहणातली सुई

ग्रहण लागण्याआधीच झुंबरबाईंनी घरातलं टोचणारं-कापणारं सगळं कपाटात टाकून कुलूप लावलं. विळी, कात्री, सुईदोरा, अगदी पेरू कापायची सुरीसुद्धा. येवल्याहून त्या नाशकात सुनेपाशी आल्या होत्या त्या तिचं बाळंतपण नीट व्हावं म्हणून, आणि गरवार बाईने ग्रहणात सुईला हात लावला तर बाळाला व्यंग येतं, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. त्या भरात इंजेक्शनांचा डबाही आत गेला.

सायली पडदे ओढून पलंगावर बसली होती. नववा महिना लागला होता.

"आई, डबा द्या. इंजेक्शनची वेळ झाली."

"ग्रहण सुटू दे की. मग घे."

"डॉक्टरांनी सांगितलंय, वेळ चुकवायची नाही. रक्त गोठलं तर..."

पुढचं झुंबरबाईंना ठाऊक होतं. याआधी दोनदा तसंच झालं होतं. वारेत रक्त गोठलं आणि पोटातली हालचाल थांबली. म्हणून या खेपेला रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन, सकाळ-संध्याकाळ, पोटात. सायली ते स्वतःच घ्यायची. तेवढा वेळ झुंबरबाई गॅलरीत जाऊन द्वारका चौकाकडची वाहनं बघत उभ्या राहायच्या. सुई टोचलेली त्यांना बघवायची नाही.

किल्ली मुठीत धरून त्या नुसत्या उभ्या राहिल्या. मग त्यांनी कपाट उघडलं. सायलीने हात पुढे केला, पण डबा काही त्यांनी सोडला नाही.

"गरवार बाईनं सुई धरायची नाय. मी कुठं गरवार हाय? सांग, कसं टोचायचं."

सायलीने कुर्ता वर सरकवला, आणि झुंबरबाईंनी ते पोट पहिल्यांदा पाहिलं. दोन्ही कुशींना काळेनिळे डाग, त्यांच्यामध्ये जुने, पिवळे पडलेले. या पोरीने एकदाही हूं की चूं केलं नव्हतं. स्वतःची चार बाळंतपणं काढलेल्या झुंबरबाईंना, सोसणं म्हणजे काय ते आपल्याला विचारा, असं आजवर वाटत आलं होतं.

"हे समदं तू एकटीनं..."

"कातडी चिमटीत धरा. सरळ आत. मग हळूहळू दाबा."

डाग नसलेली जागा शोधायला त्यांना वेळ लागला.

"दोष लागायचा तर माझ्या हाताला लागू दे," असं पुटपुटत त्यांनी सुई टोचली. डोळे मिटले नाहीत.

सुई बाहेर आली तसा त्यांचा तळवा आपसूक पोटाकडे गेला.

"चोळायचं नसतं, आई."

त्यांनी हात आखडला.

"सकाळचं बी मीच देईन."

"सकाळी कुठे ग्रहण असणार आहे?"

"ठावं हाय मला," झुंबरबाई म्हणाल्या, आणि खाली वाकून त्यांनी त्या जागेवर हळूच फुंकर घातली.