गव्हर्नरच्या कोपऱ्यात एक कमी

ड्वेनने बायकोचं, डार्लाचं, कोपर पकडून तिला बास्केटबॉलच्या जाळीखाली आणून उभं केलं. तो गव्हर्नरच्या पाठीराख्यांचा कोपरा होता. "इथून हलायचं नाही," तो हसत हसत म्हणाला. समोरून लोक बघत होते, म्हणून हसत. गाडीतून येताना हेच त्याने न हसता सांगितलं होतं.

आयोवात आमच्याकडे राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडायच्या प्राथमिक फेरीचं मत पेटीत टाकत नाहीत. शाळेच्या हॉलमध्ये जमायचं आणि ज्याला पाठिंबा, त्याच्या कोपऱ्यात जाऊन सगळ्यांदेखत उभं राहायचं. कोण कुठे उभा राहिला, ते दुसऱ्या दिवशी अख्ख्या गावाला ठाऊक असतं. चार वर्षं आमच्याकडे ढुंकून न पाहणारा देश निवडणुकीच्या हिवाळ्यात मात्र आमच्या ताटात डोकावतो. टीव्हीवाले भर नाश्त्याला माइक पुढे करतात. जनमत पाहणीवाले रोज फोन करतात, कोण आवडतं आणि का आवडतं म्हणून विचारतात. डार्लाच्या घरी तो फोन ड्वेन उचलायचा. "आम्ही दोघंही गव्हर्नरचे," असं सांगून ठेवून द्यायचा. घरातला फोन तोच उचलायचा, गाडीच्या किल्ल्याही त्याच्याच खिशात असायच्या. डार्लाच्या बहिणीने फोन करणं कधीच सोडून दिलं होतं.

त्या संध्याकाळी ड्वेन गव्हर्नरच्या कोपऱ्याचा म्होरक्या होता. त्याने मनातल्या मनात डोकी मोजली आणि त्याचा चेहरा पडला. ठरलेल्या आकड्याइतकी माणसं नसतील तर कोपरा मोडतो. जेमतेम काठावर होतं सगळं. हॉलच्या मधोमध काही जण अजून हातातल्या कॉफीशी चाळा करत कुंपणावर बसले होते. त्यांना ओढून आणायला तो निघाला, आणि जाताना त्याने डार्लाचं कोपर सोडलं.

 डार्ला घाबरली होती, आणि ही भीती आजची नव्हती. घरी असा हात सुटला की तो परत कुठून येईल, हे तिला नेहमी बघत राहावं लागे. तिने ड्वेनकडे पाहिलं. त्याची पाठ होती. समोर दुसऱ्या उमेदवाराचा, सिनेटरबाईंचा कोपरा होता, आणि तिथे जायचं तर सगळा हॉल पार करावा लागणार होता.

ती चालायला लागली. बर्फाने भिजलेले बूट लाकडी फरशीवर करकरत होते. आता हाक येईल, आता येईल, असं वाटत होतं. थांबलं तर पाय मागेच वळतील, हेही तिला कळत होतं. समोरच्या गर्दीने सरकून तिला आत घेतलं. तेवढ्यात लाइलची शिट्टी वाजली. लाइल शाळेची बस चालवायचा आणि यंदा सभेचा अध्यक्ष होता.

मोजणी झाली. लाइलने चष्मा कपाळावर चढवला. "गव्हर्नरच्या कोपऱ्यात एक कमी. मोडला तो कोपरा. तिथल्यांनी दुसरीकडे जावं नाहीतर घरी."

ड्वेनने आजूबाजूला पाहिलं. मग समोर पाहिलं. तो घाई न करता चालत आला, अजून हसतच होता. "चुकलीच बघा ही," तो सिनेटरवाल्यांना म्हणाला. "हिचं हे असंच आहे. चल डार्ला, तिकडे. परत मोजायला लावू."

 सवयीने डार्लाचा एक पाय पुढे पडलासुद्धा.

"ड्वेन, तिला नाही नेता येणार आता," लाइल म्हणाला. "हा कोपरा टिकला. टिकलेल्या कोपऱ्यातलं माणूस जागचं हलत नाही, नियम आहे."

"बायको आहे ती माझी."

"असू दे की. मोजून झाली ती."

कुणीतरी फिसकन हसलं. ड्वेनचे कान लाल झाले. तो वाकून डार्लाच्या कानाशी काहीतरी बोलला आणि दार आपटून बाहेर गेला. पिकअपचं इंजिन सुरू झाल्याचं ऐकू आलं, पण गाडी निघाली नाही. खिडकीवर तिच्या दिव्यांचा उजेड तसाच पडून राहिला.

सिनेटरच्या कोपऱ्यात मात्र आनंदीआनंद होता. ग्रंथालयातल्या आयरीनने डार्लाच्या स्वेटरला स्वतःच्या हाताने बिल्ला लावला. "धीराची बाई आहेस गं," ती म्हणाली. पाहणीवाल्यांची एक तरुण मुलगी प्रश्न घेऊन धावत आली. असा माणूस तिला अख्ख्या हिवाळ्यात भेटला नव्हता.

"तुम्ही अगदी शेवटच्या क्षणी इकडे आलात," ती म्हणाली. "कशामुळे? महागाई? दवाखान्याचा खर्च? की बाईंचं परवाचं भाषण?"

आयरीन आणि बाकीच्या जणी कौतुकाने ऐकायला वळल्या. डार्ला खिडकीवरच्या उजेडाकडे बघत होती. तिने आयरीनची बाही घट्ट धरली.

"तुमच्या बाईंचं मला काहीच माहीत नाही," ती म्हणाली. "या कोपऱ्यात बायका जास्त दिसल्या. तुमच्यापैकी कुणी आज मला आपल्या घरी नेईल का?"