कुंकवाचं बोट

"हा स्टार्टर? मेलाय हो," म्हणत गॅरेजच्या मिस्त्रीने तो चहापाण्याच्या पैशांत पिशवीत कोंबला.

तुळशीरामला तेही चाललं. शाळेच्या व्हॅनला दुसरं इंजिन बसवल्यापासून जुनं अंगणात पडून होतं आणि गिऱ्हाइकांनी महिनाभर त्याचं डोकं खाल्लं होतं. एकाला नुसता कार्बोरेटर, दुसऱ्याला डायनामो. सांगाडा कुणालाच नको. त्यात खंडेनवमीला बायकोने प्रत्येक पार्टला कुंकवाचं बोट लावलेलं.

"तो तरी ठेवा, चांगला चालत होता," ती आतून म्हणाली.

"टिळा लावून भंगाराचा देव होत नाही!" तो खेकसला.

आठवड्याने शाळा सुटली, मुलं बसली आणि व्हॅन चालूच होईना. नव्या इंजिनाचा स्टार्टर गेला होता. मिस्त्री धावत आला.

"नशीब तुमचं! एक खणखणीत पीस आहे. एकाच मालकाने जपून वापरलेला."

चढा भाव ऐकून तुळशीरामने स्टार्टर उलटा केला. तेलकट लोखंडावर कुंकवाचं बोट तसंच होतं. तोंडाशी आलेली शिवी मागच्या मुलांमुळे गिळावी लागली.

"बसव," तो दात खात म्हणाला. "पण आधी ते कुंकू पूस. घरी बायको आहे."