तारांमधला जाणकार

गिटारच्या तारांच्या बाबतीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, निदान त्याच्या मते तरी. साध्या गिटारला ब्राँझच्या तारा आणि इलेक्ट्रिकला निकेलच्या, कारण इलेक्ट्रिकच्या चुंबकाला ब्राँझ जेमतेमच ऐकू येतं, हे त्याने सासऱ्यांपासून प्लंबरपर्यंत सगळ्यांना ऐकवलं होतं.

आज त्याने इलेक्ट्रिक गिटारला नव्याकोऱ्या तारा चढवल्या, अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज पूर्ण वाढवला आणि झोकात हात मारला. बारीक तारा तेवढ्या किणकिणल्या. जाड तारा तोंडातल्या तोंडात पुटपुटल्या. त्याने रिकामं पाकीट उलटून पाहिलं. ब्राँझ! निकेलचं पाकीट टेबलावर न उघडता तसंच पडलेलं. कुणी बघायच्या आत तारा उतरवाव्यात म्हणून तो उठला, तेवढ्यात बेल वाजली.

दारात खालच्या मजल्यावरच्या काकू. एरवी तक्रार घेऊन येणाऱ्या काकू आज चक्क हसत होत्या.

"आज किती गोड वाजवताय हो! काय बदललंत?"

"तारा," तो कसाबसा म्हणाला.

 

बेल ऐकून आतून आलेल्या त्याच्या बायकोने टेबलावरचं निकेलचं पाकीट उचललं आणि काकूंच्या हातात ठेवलं. "काकू, हे तुमच्याकडेच असू दे. मागितलं तरी देऊ नका."