बाबांचा दुपट्टा
“ज्याचं बोलणं डोक्यातून जात नाही, त्याची वस्तू आणा,” समुपदेशक मॅडमनी सांगितलं होतं. समुद्रपूरहून निघताना आईनं रक्षाला न विचारताच नवऱ्याचा खांद्यावरचा दुपट्टा पिशवीत टाकला. घरात ओरडणारा तोच. वर पोरीचा डबा ठेवला. अकरावीतली रक्षा चार महिने खोलीतून निघत नव्हती. आई घास भरवायची आणि रोज म्हणायची, “तुह्यासाठीच जगून राह्यली मी.” आता वर्ध्याला आई लोटलेल्या दाराबाहेर बसली होती. फटीतून तिला मॅडमनी रिकाम्या खुर्चीवर ठेवलेला दुपट्टा दिसला. “बाबा समोर बसलेत असं समज. बोल.” पोरगी काय बोलते, म्हणून आई फटीजवळ सरकली. “बाबा नाई,” रक्षा म्हणाली. तिनं दुपट्टा घडी करून बाजूला ठेवला, पिशवीतून आईनं भरलेला डबा काढून खुर्चीवर मांडला. “आई, माह्यासाठी नको जगू. मले पेलत नाई ते.”