ताईंचा लांबलचक सल्ला

घरीच मुलांना शिकवणाऱ्या आयांच्या ग्रुपवर ताईंच्या शब्दाला वजन होतं. कुणाचं मूल पुस्तकाला हात लावत नाही म्हटलं, की ताई सकाळपासूनचं वेळापत्रक मिनिटामिनिटाने लिहून पाठवत. त्यांची स्वतःची आठ वर्षांची लेक मात्र पुस्तक दिसलं की पोट दुखतंय म्हणायची. ग्रुपवर याचा कुणालाच पत्ता नव्हता.

एके दुपारी एका आईचा फोन आला. "ताई, आमची धाकटी वाचायला लागली! तुमचेच उपकार."

ताई चक्रावल्या. "कुठलं वेळापत्रक लागू पडलं गं? सकाळचं, की जेवणानंतरचं?"

"खोटं कशाला बोलू, एकही नाही! तुमचा सल्ला इतका लांबलचक असतो, की मी रोज तासभर वाचतच बसते. मला बघून तीही शेजारी पुस्तक घेऊन बसायला लागली."

फोन ठेवल्यावर हसावं की रडावं, ताईंना कळेना. पलीकडे त्यांची लेक वहीची पानंच्या पानं भरत होती.

"काय गं लिहितेस एवढं?"

"मला काय माहीत?" लेक मान वर न करता म्हणाली. "तू रोज लिहितेस ना, म्हणून मीपण लिहिते."