मालकांचा शब्द

रंगाच्या कारखान्यातली टाकी साफ करायला कुणी उतरेना. "आतला वायू गेलाय, मी स्वतः तपासलंय," मालक अच्युतराव म्हणाले. त्यांनी तपासलं नव्हतं, घाई होती. त्यांच्या शब्दावर हणमंत उतरला आणि गुदमरून मेला.

शवागाराबाहेर मॅनेजर कुजबुजला, "तो न विचारता उतरला, असं सांगू." अच्युतरावांनी मान डोलावली.

इतक्यात हणमंतची बायको चौकशीला आलेल्या फौजदाराला म्हणाली, "मालकांना त्रास देऊ नका, साहेब. ते कधी खोटं बोलत नाहीत, असं हे नेहमी सांगायचे."

अच्युतराव पुढे आले. "मी खोटं बोललो, वहिनी. टाकी तपासलीच नव्हती."

ती त्यांच्याकडे वळली. मग तिनं पायातली चप्पल काढली. फौजदार मध्ये पडणार, तोच अच्युतरावांनी त्याला हातानं थांबवलं.